शाळेचे संकेतस्थळ : सल्ला कोणाला विचारावा?

लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याचे लिलाव झाले, की त्या दिवसाचे भाव परिसरातील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पोहोचतात. आवक किती, भाव कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि सरासरी किती, एवढ्यात मजकूर संपतो. त्यात चित्र नसते, सरकती अक्षरे नसतात. तरीही कोणाला काही विचारावे लागत नाही. हाच शेतकरी त्याच मोबाइलवर मुलाच्या शाळेचे संकेतस्थळ उघडतो तेव्हा मात्र, ग्रामीण महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांच्या बाबतीत, निराळाच अनुभव येतो. संस्थापकांची तसबीर, एक सुविचार, ‘आपले हार्दिक स्वागत आहे’ असे म्हणत धावणारी पट्टी, भेटी मोजणारे आकडे आणि कुठल्याशा जुन्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे त्याला दिसतात. प्रवेश केव्हा सुरू होणार, कोणते दाखले लागतील, कार्यालय किती वाजेपर्यंत उघडे असते, यांपैकी काहीही सापडत नाही.

याचा दोष शिक्षकांना देणे अन्यायाचे होईल. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर डिजिटल शाळांची लाट आली आणि अनेक शिक्षकांनी पदरमोड करून, रात्री जागून, शाळेची पाने तयार केली. काही संस्थांनी हे काम व्यावसायिकाकडे सोपवले व त्याने तयार साच्यात शाळेचे नाव घालून दिले. दोन्ही ठिकाणी पान तयार झाले ते उद्घाटनाच्या दिवसासाठी. त्यानंतर कोण पाहणार आणि कशासाठी पाहणार, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

आता सुधारणा करायची, तर सल्ला कोणाचा घ्यावा? वाईट रचनेकडे पाहून चांगली रचना शिकावी, हा विचार जुना आहे. व्हिन्सेंट फ्लँडर्स या अमेरिकी लेखकाने १९९६ मध्ये फसलेल्या संकेतस्थळांचा संग्रहच महाजालावर मांडला होता. मात्र जाणकारांना ‘आमचे संकेतस्थळ कसे वाटले?’ असे विचारले, की उत्तरे रंगांविषयी येतात. एकाला निळा हवा असतो, दुसऱ्याला भगवा. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेली पद्धत अधिक उपयोगाची आहे. पाच सामान्य वापरकर्त्यांना एकेक काम द्यावे आणि ते कसे करतात हे गप्प बसून पाहावे. बहुतेक मोठे दोष त्यातच उघडे पडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. गप्प बसणे हा यातील सर्वांत अवघड भाग. ‘अहो, तिथे वर दाबा ना’ असे शिक्षकाच्या तोंडून निघाले, की चाचणी संपली. घरी पालकाच्या शेजारी शिक्षक बसलेला नसतो.

ही पाच माणसे शोधायला शाळेला नाशिकपर्यंत जाण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीच्या बैठकीत ठरावांवर सह्या घेतल्यावर प्रत्येकाच्या हाती त्याचाच मोबाइल देऊन ‘सहावीच्या प्रवेशाची माहिती शोधा’ असे सांगितले, तर विनामूल्य परीक्षण होते. शाळेचा नव्हे, त्यांचाच मोबाइल हवा. कारण संस्थेच्या कार्यालयातील मोठ्या पडद्यावर जे देखणे दिसते, ते हातातल्या पडद्यावर अनेकदा बाहेर सांडलेले असते.

या पाचांत एक पालक बाहेरगावचा असावा. निफाड तालुक्यातील द्राक्षबागांच्या कामांसाठी पेठ, सुरगाण्याकडून मजूर कुटुंबे येतात आणि त्यांची मुले वर्षाच्या मध्येच नव्या शाळेच्या दारात उभी राहतात. अशा वेळी संकेतस्थळावर ‘शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही’ अशी जुन्या सूचनेतून उचललेली ओळ असेल, तर ती निव्वळ गैरसोय राहत नाही. सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही, असे याच कायद्याचे कलम ५ सांगते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असे कलम १४ सांगते. तेव्हा मुखपृष्ठावर पहिले स्थान कशाला द्यायचे, याचे उत्तर येथे मिळते. प्रवेशाची माहिती, तीही ‘दाखला नसला तरी मुलाला घेऊन या’ अशा सरळ शब्दांत, आणि तिच्याखाली बोट ठेवताच लागणारा कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. विंचूरला सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचा इतिहास आहे आणि गावच्या शाळेने तो अभिमानाने सांगावा. पण आतल्या पानावर.

मराठी अक्षरांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. मराठी दैनिकांच्या आंतरजाल आवृत्त्यांनाही एके काळी प्रत्येकी वेगळा टंक लागत असे आणि तो नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटे. युनिकोडने हा घोळ मिटवला, तरी शाळांच्या कार्यालयांत सूचना आजही अनेकदा जुन्या टंकांत टंकलिखित होतात, मग त्यांचे छायाचित्र काढून ते संकेतस्थळावर चढवले जाते. डोळ्यांना ते अक्षर दिसते. शोधयंत्राला चित्रातील मजकुराचा भरवसा नसतो आणि अंध पालकाच्या मोबाइलमधील वाचून दाखवणारी प्रणाली अशा चित्रापाशी बहुधा अडखळते. तीच सूचना युनिकोडमध्ये थेट लिहिली, तर ‘विंचूर शाळा प्रवेश’ असा शोध घेणाऱ्यापर्यंत ती पोहोचू शकते. पानाची भाषा मराठी असल्याची खूण संकेतावलीत केली, तर ती खूण ओळखणारे टंक ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतात, हिंदीची नव्हे. साच्यात पानाची भाषा बहुधा इंग्रजी म्हणूनच नोंदलेली असते. ती बदलायला एक मिनिट पुरते.

रंगांबाबत वाद घालण्याऐवजी मोजमाप करावे. अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असा २००८ सालचा आंतरराष्ट्रीय निकष आहे आणि ते मोजण्याची साधने फुकट मिळतात. दुपारच्या उन्हात, बागेत उभ्या असलेल्या माणसाला पिवळ्यावरचे पांढरे अक्षर वाचता येत नाही. मोबाइलने काढलेले एकेक छायाचित्र तीन-चार एमबीचे असते. ते लहान करूनच पानावर घालावे.

त्या छायाचित्रांत बहुधा मुले असतात. गुणवंतांची नावे, टक्केवारी, कधी जन्मतारीखही, सर्व जगाला खुले असते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. शाळेने त्याची वाट पाहू नये. समूहाचे, नावाविना छापलेले छायाचित्र कौतुकाला पुरेसे असते.

रचना सुधारण्याचे काम नव्या व्यावसायिकाला देण्यापूर्वी एक कागद मागवावा. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावे नोंदलेले आहे? पुष्कळदा ते पहिल्या व्यावसायिकाच्या किंवा बदली होऊन गेलेल्या शिक्षकाच्या खासगी ईमेलवर असते. नूतनीकरणाचे पत्र त्या ईमेलवर जाते, कोणी पैसे भरत नाही, नाव मोकळे होते आणि ते भलत्याच कोणी घेतल्यास शाळेच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू शकतात. नोंदणी संस्थेच्या नावे, ईमेल मुख्याध्यापकांच्या पदाचा, परवलीचे शब्द कार्यालयातील बंद लिफाफ्यात आणि नूतनीकरणाची तारीख शाळेच्या वार्षिक नियोजनात, चाचणी परीक्षांच्या तारखांशेजारी लिहिलेली असावी.