दोन भाषांत वाढणारे मूल आणि त्याचा मेंदू

मंडळातले नवे आईबाबा आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारतात. डे-केअरमध्ये सांगतात, "मूल उशिरा बोलतंय, घरी फक्त इंग्रजीच बोला." मग मराठी बंद करायची का? आमचे उत्तर "नाही" असे आहे. का, ते पाहू.

जन्मताना बाळाच्या मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असते. पाच-सहा वर्षांत ते ९० टक्क्यांच्या आसपास पोचते. या काळात पेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. वापरातल्या पक्क्या होतात, बिनवापराच्या हळूहळू गळतात.

कानाचेही तसेच. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना मात्र त्या वयातही तो कळत होता. आपल्या मराठीतही हाच 'ट' आणि 'त' आहे, शिवाय 'ळ' आणि 'ण'ही. (संक्रांतीला "तिलगुल घ्या" ऐकून आपण हसतो, पण त्यात मुलांचा काय दोष?) पुढे हे उच्चार शिकता येतात, फक्त मेहनत जास्त पडते.

मग मराठी गाण्यांची सीडी किंवा व्हिडिओ लावून दिला की झाले? नाही. २००३ साली सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बारा बैठकांत बाळे तिचे ध्वनी ओळखू लागली. तेच टीव्हीवरून दाखवले तर काहीच शिकली नाहीत. थोड्या मोठ्या मुलांना मात्र व्हिडिओ कॉलचा उपयोग होतो. २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुले अशा कॉलवरून नवे शब्द शिकली, कारण पलीकडचे माणूस त्यांना उत्तर देत होते. तेव्हा पुण्या-नागपूरच्या आजीला नुसते "हाय" करून फोन ठेवू नका, तिला गोष्ट सांगू द्या.

"मम्मा, मला वॉटर दे" हा गोंधळ नव्हे. मूल हाताशी असलेला शब्द वापरते, इतकेच. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, आणि तेव्हा थांबू नये. आधी कानाची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना मुलाला येणाऱ्या शब्दांची यादी न्यावी, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. नुसते इंग्रजी शब्द मोजले तर मूल उगाच मागे पडलेले दिसते.