मुखत्यार गेला, मुखत्यारपत्र उरले

घर विकायचे असो, शेताच्या खटल्यासाठी तालुक्याला जायचे असो किंवा परगावच्या भावाच्या वतीने सही करायची असो, आपण आजही 'मुखत्यारपत्र' करतो. शब्द व्यवहारात टिकला आहे. पण ज्या मुखत्याराला एकेकाळी सरकारने सनद देऊन न्यायालयात उभे केले होते, तो इतका विसरला गेला की असा एक पेशा होता हेही आज सांगावे लागते.

नागपूरच्या न्यायव्यवहाराचा इतिहास सहसा मोठ्या नावांनी सांगितला जातो: सर बिपिन कृष्ण बोस, डॉ. हरिसिंग गौर, एम. हिदायतुल्ला. मला कुतूहल होते ते त्यांच्या खालच्या पायरीवरच्या माणसाचे. सामान्य पक्षकाराची कायद्याशी पहिली गाठ वकिलाच्या बंगल्यात पडत नाही. ती कचेरीच्या आवारात, अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलापाशी पडते. या माणसाला कोण शिकवत होते, आणि आज कोण शिकवते?

या प्रश्नाचा माग 1879 च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टपर्यंत जातो. हा कायदा सुरुवातीला ज्या प्रांतांना पूर्णपणे लागू झाला त्यांत मध्य प्रांत होता, मुंबई इलाखा नव्हता. म्हणून पुण्या-मुंबईच्या वकिलीवरून नागपूरच्या वकिलीची कल्पना करणे फसवे ठरते. या कायद्याने उतरंडच मांडली: ॲडव्होकेट, वकील, ॲटर्नी, प्लीडर, मुखत्यार आणि महसुली कामापुरता रेव्हेन्यू एजंट. मुखत्याराची पात्रता, परीक्षा आणि कामाची हद्द ठरवण्याचा अधिकार वरिष्ठ न्यायालयाकडे होता. मध्य प्रांतात हे वरिष्ठ न्यायालय म्हणजे ज्युडिशियल कमिशनरचे. नागपूरला उच्च न्यायालय मिळाले ते 1936 साली. मुखत्याराची सनद चालू वर्षापुरती असे आणि दरवर्षी नवी करून घ्यावी लागे. गैरवर्तन झाले तर ती काढून घेता येई.

ही व्यवस्था उदार नव्हती. याच कायद्याखाली रेजिना गुहा यांनी सनद मागितली तेव्हा 1916 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने स्त्री म्हणून ती नाकारली. हे दार उघडायला 1923 चा स्वतंत्र कायदा करावा लागला. शिवाय उतरंडीच्या कडेला दलाल होताच. मोबदला घेऊन वकिलाकडे पक्षकार आणणाऱ्या अशा दलालांच्या याद्या करून त्या न्यायालयात टांगण्याची तरतूद 36 व्या कलमात होती. याद्या टांगण्याइतके दलाल झाले होते, याचा अर्थ अडाणी माणसाला वकिलापर्यंत नेणाऱ्या मधल्या माणसाची गरज खरी होती. ती कोणी भागवायची, एवढाच वाद होता.

स्वातंत्र्यानंतर 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने ही उतरंड मोडली. वकिली करणाऱ्यांचा एकच वर्ग उरला, ॲडव्होकेट. जे मुखत्यार आधीपासून काम करत होते त्यांचे हक्क 55 व्या कलमाने राखले; नवे मुखत्यार मात्र होणार नव्हते. समान दर्जाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु खालची पायरी कायद्यातून गेली, तरी प्रत्यक्षात ती गेली नाही. वकिलाचा कारकून, अर्ज लिहिणारा, टंकलेखक, मुद्रांक विक्रेता यांनी ती व्यापली. त्यांचे शिक्षण म्हणजे उमेदवारी. दोन-चार वर्षे नकला करायच्या, तारखा टिपायच्या, कोणत्या अर्जाला किती कोर्ट फी लागते ते पाठ करायचे. त्याला ना परीक्षा होती, ना सनद.

ही पायरी राज्याला पुन्हा दिसली ती गरिबांना कायदेविषयक मदत देण्याच्या निमित्ताने. 42 व्या घटनादुरुस्तीने 39-अ हे कलम आले. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा 1987 साली झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. 2009 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे विधी स्वयंसेवकाची योजना आणली. 'पॅरालीगल' हा शब्द अमेरिकेकडून आला. तिथे तो वकिलाच्या कार्यालयातला प्रशिक्षित सहायक. आपल्याकडे अर्थ पालटला. आपला स्वयंसेवक लोकांमध्ये राहणारा: निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातली बाई, कायद्याचा विद्यार्थी, इतकेच नव्हे तर चांगल्या वर्तणुकीचा, दीर्घ शिक्षा भोगणारा शिकलेला कैदीसुद्धा. 1916 साली जिला वकिलीचे दार बंद होते, तिला आता मुद्दाम बोलावले जाते.

1879 चा कायदा आणि या योजनेचा अभ्यासक्रम मी शेजारी ठेवून वाचले. जुन्या कायद्याला काळजी होती ती माणूस लायक आहे का, याची. नव्या अभ्यासक्रमाला काळजी आहे ती लोकांना हक्क कळतात का, याची. त्यात संविधानाची ओळख आहे, कुटुंबविषयक कायदे आहेत, अटक आणि जामीन, मजुरांचे कायदे, स्त्रिया व मुलांचे संरक्षण असे विषय आहेत. स्वयंसेवकाने वकिलासारखे वागू नये, लोक आणि विधी सेवा संस्था यांच्यातला दुवा व्हावे, हेही योजनेत स्पष्ट आहे. पण मुखत्याराची लायकी परीक्षेने ठरे; इथे तयारी काही दिवसांच्या वर्गात उरकते आणि मोबदला कामाच्या दिवसांपुरत्या मानधनाचा.

जबाबदारी मात्र लहान नाही. 2013 साली बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर लक्ष ठेवायला पोलीस ठाण्यांत पाळीने विधी स्वयंसेवक बसवण्यास सांगितले. मूल हरवलेल्या आईला त्या क्षणी संविधानाच्या रचनेवरचे व्याख्यान नको असते. तक्रार लिहून घेतली जाते का, तिची प्रत हातात पडते का, लिहिलेले तिला मराठीत वाचून दाखवले जाते का, हे पाहणारा माणूस तिला हवा असतो. हे काम उमेदवारीनेच अंगी येते.

म्हणून या प्रशिक्षणात व्याख्यानांइतकाच वेळ कचेरीतल्या कागदांना मिळावा असे मला वाटते. अर्ज लिहिणारे आणि जुने कारकून यांच्याजवळ जे ज्ञान साठले आहे, ते कोणत्याच अभ्यासक्रमात उतरलेले नाही. पक्षकाराच्या अडचणीवर जगणारे म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याला दलालांच्या याद्यांपासून लागली आहे. तो संशय अगदीच निराधार नसेलही. पण कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, हे नागपूरच्या कचेऱ्यांत त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. त्यांना महिनाभर शिकवायला बसवले, तर नव्या स्वयंसेवकांचे काम पहिल्या दिवसापासून सोपे होईल.