गुणांची गोष्ट

सध्या कॅनडाच्या अर्जासाठी कागदपत्रं जमवतोय. मार्कशीटं, अनुभवाची पत्रं, आयईएलटीएसचा निकाल... शंभरपैकी ६७ गुण झाले की नुसतं रांगेत उभं राहता येतं. पस्तिशीनंतर वयाचा दर वर्षी एक गुण कापतात! वैताग येतो.

पण १९५१च्या करारात अख्ख्या भारताचा कोटा होता वर्षाला १५० माणसांचा, १९५७मध्ये ३००. आधी देश कुठला ते बघायचे, शिक्षण नंतर. १९६२मध्ये वंशाची अट बरीचशी सुटली, १९६७मध्ये गुणपद्धत आली. तेव्हा १५ गुण मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते म्हणा. (आपली तोंडी परीक्षा आठवा!) तरी शिक्षण, वय, भाषा यांचा हिशोब घरी बसून करता येऊ लागला.

माझे ७१ भरतात. येत्या वाढदिवसाला ७०.