सायकलच्या फ्रेममधले ॲल्युमिनियम: ६०६१, ७००५ आणि सांध्याचा इतिहास

सायकलच्या दुकानात फ्रेमवर ‘६०६१’ किंवा ‘७००५’ असा आकडा तुम्ही पाहिला असेल. विक्रेता म्हणतो, सात हजारवाली जास्त मजबूत. कोष्टक उघडून पाहिले तर तो खोटे बोलत नाही. टी-६ अवस्थेतले ६०६१ कायमचे वाकण्यापूर्वी सुमारे २७५ मेगापास्कल ताण सोसते. ७००५ त्याहून थोडा जास्त. तरीही या आकड्यांवरून फ्रेम निवडणे चुकीचे ठरते. का, ते समजण्यासाठी या मिश्रधातूंचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो मुख्यतः नळ्यांचा नाही, नळ्या जोडण्याचा इतिहास आहे.

आधी एक निरीक्षण करा. झाशीत शिकणाऱ्यांनी ओरछा गेटपाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली पाहाव्यात; इतरांनी आपल्या गावातला एखादा वर्दळीचा चौक निवडावा. जुन्या पद्धतीच्या स्टीलच्या सायकलीत नळ्या बारीक असतात आणि त्यांची टोके लग नावाच्या खोबणीत बसवून पितळाने झाळलेली असतात. ॲल्युमिनियमच्या सायकलीत नळ्या जाड दिसतात आणि सांध्यावर माशाच्या खवल्यांसारखी वेल्डची रांग उठून दिसते. (ओरछा गेटबद्दल आख्यायिका अशी, की १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या फौजेला तो दरवाजा दुल्हाजूने आतून उघडून दिला. ती किती खरी यावर इतिहासकारांत वाद आहे. आपल्या विषयापुरते एवढेच, की फ्रेमसुद्धा बहुधा नळीच्या मधोमध तुटत नाही, सांध्यापाशी तुटते.)

१८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम मिळवण्याची रीत शोधली आणि धातू झपाट्याने स्वस्त झाला. लगेच पुढच्या दशकात युरोप-अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या सायकली निघाल्या. त्या फारशा चालल्या नाहीत, कारण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. यावर उपाय जर्मनीत सापडला. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमवर प्रयोग करत होता. तापवून पाण्यात विझवलेला नमुना शनिवारी मऊ होता आणि सुट्टीनंतर तपासला तर कठीण झालेला होता, अशी गोष्ट सांगतात. हेच पुढे ड्युरालुमिन झाले. असे का होते, याचा उलगडा व्हायला बराच काळ गेला: मिसळलेले अणू हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके करतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांनी त्याचा पुरावा दिला.

हे तत्त्व नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. या धातूंची ताकद उष्णतेच्या ठरावीक क्रमाने घडवलेली असते. म्हणून उष्णतेनेच ती जातेही. वेल्ड केले की सांध्याच्या आजूबाजूची पट्टी पुन्हा मऊ होते. ६०६१ मध्ये तिथली ताकद निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. आर्गॉन किंवा हेलियमच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने वेल्ड करण्याची टिग पद्धत १९४० च्या दशकात विमान कारखान्यांतून आली, तेव्हा कुठे पातळ ॲल्युमिनियम नेटकेपणाने जोडता येऊ लागले.

मिश्रधातू त्याआधीच तयार होते. ६०६१ अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीने १९३५ मध्ये आणले. त्यात मॅग्नेशियम साधारण १ टक्का आणि सिलिकॉन ०.६ टक्के. त्याच सुमारास जपानमध्ये सुमितोमो कंपनीने जस्ताचा भरपूर अंश असलेला अतिबळकट धातू काढला, जो झीरो लढाऊ विमानात वापरला गेला. आजचे ७०७५ त्याच कुळातले. चार अंकी नावे १९५४ मध्ये ठरली. पहिला अंक फक्त मुख्य मिश्रक सांगतो: २ म्हणजे तांबे, ६ म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, ७ म्हणजे जस्त. तो परीक्षेतला क्रमांक नव्हे. २०२४ हा धातू ६०६१ पेक्षा पुष्कळ बळकट आहे, पण त्याची आणि ७०७५ ची वेल्ड तडकते, म्हणून वेल्ड केलेल्या फ्रेमला दोन्ही निरुपयोगी.

म्हणूनच १९७० च्या दशकात इटलीतल्या अलान आणि फ्रान्समधल्या व्हिटस कंपन्यांनी वेल्डिंग टाळले. अलानने नळ्या आटे पाडून आणि डिंकाने बसवल्या, व्हिटसने नुसत्या चिकटवल्या. फ्रेम हलकी झाली, पण नळ्या स्टीलएवढ्याच बारीक ठेवल्यामुळे लवचिक वाटे. इथे थोडे गणित करू. ॲल्युमिनियमची ताठरता स्टीलच्या सुमारे एक तृतीयांश, घनताही तेवढीच. पातळ नळीची ताठरता व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास १.४ पट केला की ताठरता स्टीलएवढी होते. २८.६ मिलिमीटरची नळी सुमारे ४० मिलिमीटरची होते आणि वजन जवळजवळ निम्मे राहते. प्रत्यक्षात पत्रा थोडा जाड ठेवतात, कारण स्टीलमध्ये ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो, ॲल्युमिनियममध्ये तशी मर्यादा नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकलेल्या गॅरी क्लाइनने १९७० च्या दशकात हाच जाड नळीचा मार्ग धरला. वेल्ड झाल्यावर सगळी फ्रेम भट्टीत घातली. कॅननडेल कंपनीने १९८३ मध्ये तशी टूरिंग सायकल बाजारात आणली.

आता तुलना करता येईल. ६०६१ ची फ्रेम वेल्ड झाल्यावर सुमारे ५३० अंशांना तापवून विझवावी लागते आणि नंतर साधारण १७० अंशांवर काही तास ठेवावी लागते. विझवताना ती वाकडी होते, म्हणून मऊ असतानाच सरळ करून घ्यावी लागते. यासाठी मोठी भट्टी, हौद आणि कुशल हात हवेत. ७००५ मध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास जस्त असते आणि तांबे जवळजवळ नसते. वेल्डनंतर ते हवेतच पुरेसे निवते, सांध्याची ताकद काही आठवड्यांत बरीचशी आपोआप परत येते, आणि घाई असेल तर हलक्या आचेवर ठेवले की झाले. म्हणून भट्टीचा खर्च न झेपणाऱ्या कारखान्यांना ७००५ सोयीचे पडले. ताठरता दोघांची सारखीच, त्यामुळे ‘सात हजारवाली कडक चालते’ हे बोलणे सोडून द्या. नीट भट्टीत घातलेली ६०६१ आणि नीट बनवलेली ७००५ यांत चालवणाऱ्याला धातूमुळे फरक कळणार नाही. माझ्या मते आकड्यापेक्षा ‘वेल्डनंतर काय केले?’ हा प्रश्न दुकानात विचारावा, उत्तर मिळो न मिळो.

भारतात हा धातू सायकलीपर्यंत उशिरा पोहोचला, आणि त्याचे कारण तंत्रज्ञानापेक्षा धोरणात जास्त आहे. मुंबईत १९३९ पासून हिंद सायकल्स होती. १९८० मध्ये सेन-रॅलेबरोबर तिचे राष्ट्रीयीकरण झाले. तिच्या फ्रेम स्टीलच्याच. ॲल्युमिनियमही देशात होते: उत्तर प्रदेशातल्या रेणुकूटला १९६२ पासून उत्पादन सुरू झाले, पुढे बेळगावलाही झाले आणि त्यासाठी बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यातूनही येई. पण १९७० च्या नियंत्रण आदेशाने उत्पादनातला निम्मा वाटा वीजवाहक तारांच्या प्रतीचा ठेवणे बंधनकारक केले. गावोगाव वीज न्यायची होती. हे बंधन १९८९ मध्ये उठले, त्याच वर्षी नागपुरात ॲल्युमिनियम संशोधनासाठी जवाहरलाल नेहरू केंद्र स्थापन झाले.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र उरतोच. स्टीलची तुटलेली फ्रेम गॅसच्या ज्योतीने आणि पितळाच्या काडीने रस्त्याकडेला झाळता येते आणि ती पुन्हा ओझे वाहते. ६०६१ ची फ्रेम टिग मशीन असलेल्या कारागिराने सुबक जोडली तरी सांध्याशेजारची पट्टी मऊच राहते, कारण भट्टी त्याच्याकडे नसते. ७००५ थोडे सावरते, पण आतून थकलेली नळी काही आठवड्यांत ताजी होत नाही. म्हणून ॲल्युमिनियमची तडकलेली फ्रेम बहुधा भंगारात जाते. तिथेही आकडा आडवा येतो: ६०६१ मध्ये जस्त जास्तीत जास्त ०.२५ टक्के चालते, त्यामुळे दोन्ही फ्रेम एकाच मुशीत वितळल्या तर पुन्हा ६०६१ करता येत नाही. आणि भंगारवाल्याकडे फ्रेम पोहोचेपर्यंत आकड्याचे स्टिकर बहुतेक वेळा निघून गेलेले असते.