मजबूत केंद्र नक्की कोणाला हवं होतं?

'स्वतंत्र झालेल्या अमेरिकेला मजबूत केंद्र सरकार का हवं होतं?' संशोधनाचा प्रश्न म्हणून मला हा अर्धवट वाटतो. 'अमेरिकेला' म्हणजे नेमकं कोणाला?

आधी दुखणं बघू. १७८१ मध्ये लागू झालेल्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'नुसार काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघत बसायचं. त्यात बदल करायला तेराच्या तेरा राज्यांची संमती लागे. युद्धाचं कर्ज फेडायला आयात मालावर पाच टक्के जकात सुचवली, ती १७८२ मध्ये एकट्या इवल्याशा ऱ्होड आयलंडने अडवली. पुढचा प्रस्ताव १७८६ मध्ये न्यूयॉर्कमुळे बारगळला. जून १७८३ मध्ये तर थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसची इमारतच घेरली आणि सभासदांना गाशा गुंडाळून प्रिन्स्टनला जावं लागलं.

पाठ्यपुस्तकं इथून थेट शेजच्या बंडावर येतात. मॅसॅच्युसेट्सने कर्जफेडीसाठी जबर कर लावले होते, आणि रोकड नसलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जायची वेळ आली. त्यांच्यात युद्धात लढलेले बरेच जण होते. पगाराऐवजी मिळालेली रोखपत्रं अनेक सैनिकांनी अडचणीत कवडीमोलाने विकली होती. आता ती विकत घेणाऱ्यांचे पैसे चुकते करायला कर द्यायचा, तोही त्यांनीच! ऑगस्ट १७८६ च्या अखेरीस शेतकऱ्यांनी न्यायालयं बंद पाडायला सुरुवात केली. बंड मोडायला केंद्राकडून मदत येईना, म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून राज्याची फौज उभी केली.

म्हणजे बंडामुळे राज्यघटना? इथे जरा तारखा लावून बघा. व्यापाराच्या प्रश्नावर राज्यांनी एकत्र बसावं, हे व्हर्जिनियाने जानेवारी १७८६ मध्येच ठरवलं होतं. जेफरसनने पॅरिसहून पाठवलेली पुस्तकं घेऊन मॅडिसन त्याच वर्षी जुन्या संघराज्यांचा अभ्यास करत होता. आपल्या भाषेत 'लिटरेचर रिव्ह्यू'च की! एप्रिल १७८७ पर्यंत त्याने चालू व्यवस्थेच्या दोषांची यादीही लिहून काढली. बंडाने घाई केली, भीती घातली. पण मूळ कारण ते नव्हे, असं माझं मत.

चार्ल्स बिअर्डने १९१३ मध्ये बोट ठेवलं ते रोखेधारकांच्या हितावर. फॉरेस्ट मॅकडॉनल्डने १९५८ मध्ये एकेका प्रतिनिधीची मालमत्ता आणि मत ताडून पाहिलं, तर गणित तितकं सरळ जुळेना. मला मॅकडॉनल्डची पद्धत जास्त पटते, पण बिअर्डचा प्रश्न सोडवत नाही. कारण मतांचे आकडेच बघा: घटनेला मॅसॅच्युसेट्सची मंजुरी १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियाची ८९ विरुद्ध ७९. ऱ्होड आयलंडने तर फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाला माणूसच पाठवला नव्हता. वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटलं, तेव्हा कुठे मे १७९० मध्ये ते राज्य तयार झालं, तेही ३४ विरुद्ध ३२ मतांनी.