प्रेक्षकाची दृष्टि

क्रीडेच्या इतिहासांत धावणाराचें नांव, त्याची वेळ आणि त्याचा क्रमांक यांची नोंद होते. कठड्याबाहेर बसून पाहणाराची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. तो आला, त्यानें टाळ्या वाजविल्या आणि संध्याकाळ होतांच तो घरीं गेला, एवढेंच त्याचें चरित्र! परंतु एका प्रेक्षकानें शर्यत लक्षपूर्वक पाहिली आणि त्यामुळें एका देशास ऑलिंपिकची वाट सांपडली, अशी घटना आपल्या महाराष्ट्रांतच घडली आहे. आमच्या यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यांतील वाचकांनीं ती मुद्दाम आठवावी, असें आम्हांस वाटतें.

पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालीं स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांचीं विद्यार्थिदशेंतील कांहीं वर्षें इंग्लंडांत गेलीं होतीं. तेथील खेळांत त्यांनीं स्वतः भाग घेतला होता. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांना काय दिसलें, तें त्यांनीं पुढें १९२९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. धावणारे शेतकऱ्यांचे मुलगे होते. शेतांत राबणारे आणि गरिबीच्या अन्नावर वाढलेले. यूरोपांतील नियमांची त्यांस माहिती नव्हती, शास्त्रीय शिक्षण तर दूरच राहिलें. मुख्य शर्यत सुमारें पंचवीस मैलांची. आणि ती खडीच्या वा मातीच्या रस्त्यावर अनवाणी धावणारांची. तरीहि पहिल्या तिघां-चौघांची वेळ यूरोपांतील वेळांच्या जोडीस बसण्यासारखी होती.

ही शर्यत इतरांनींहि पाहिली असेल. त्या पायांकडे पाहून कोणास कींव आली असेल, कोणास कौतुक वाटलें असेल. टाटांनीं मात्र घड्याळाकडे पाहिलें. कींव आणि कौतुक हीं दोन्ही मैदानाच्या दारापर्यंतच सोबत करतात. तुलना मात्र घरापर्यंत येते आणि माणसास स्वस्थ बसूं देत नाहीं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्यानें परवानगी मिळाली, टाटांनीं खर्चाचा भार उचलला, आणि १९२० सालीं चार धावपटु व दोन मल्ल असे सहा जण बेल्जममधील अँटवर्प शहरीं गेले.

तेथील मॅरेथॉन शर्यत २२ ऑगस्ट १९२० रोजीं दुपारी चारच्या सुमारास सुटली. अंतर ४२·७५ किलोमीटर. यवतमाळहून दारव्ह्यास जाणारा रस्ता साधारण एवढाच भरेल. आकाश पावसाळी होतें. संध्याकाळीं फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंदांत प्रथम आला. एस्टोनियाचा युरी लोसमान त्याच्या मागून अवघ्या तेरा सेकंदांनीं पोहोंचला. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या वालेरियो आरीनें तर आनंदाच्या भरांत मैदानावर कोलांट्या मारल्या. प्रेक्षकांच्या डोळ्यांचें पारणें फिटावें, असाच हा देखावा! आणि विजेत्यानंतर अठरा मिनिटांनीं आमच्या बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत शर्यत पुरी केली. त्यांचा क्रमांक एकोणिसावा. सदाशिव दातार यांना ती शर्यत पुरी करतां आली नाहीं.

एकोणिसावा येणारा धावपटु हा सामान्य प्रेक्षकाच्या स्मरणांतला मनुष्य नव्हे. परंतु हिशेब करून पाहिल्यास या गृहस्थांनीं जवळजवळ तीन तास, ताशीं पंधरा किलोमीटरांच्या वेगानें, परक्या हवेंत धाव घेतली, असें दिसून येतें. विजेता कोलेहमाइनेन तरी कोणी अमीरउमराव होता काय? तो गवंडीकाम करणारा माणूस. मात्र १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें त्यानें तीन सुवर्णपदकें मिळविलीं होतीं, आणि नंतरचीं कित्येक वर्षें तो अमेरिकेंत राहून शर्यती धावत होता. म्हणजे त्या अठरा मिनिटांचें अंतर जातीचें, रक्ताचें वा अन्नाचें जेवढें, त्याहून अधिक वर्षांचें होतें. एका दृष्टिवान् प्रेक्षकानें दार उघडलें खरें, पण त्या दारापर्यंतचा रस्ता बांधण्यास पिढ्या लागतात.

हेंच पुढील इतिहासावरूनहि दिसतें. त्याच अँटवर्पला रणधीर शिंदे यांचा कुस्तींत चौथा क्रमांक आला; पदक एका पायरीवरून हुकलें. १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघ स्थापन झाला व टाटा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९३६ सालीं आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें ऑलिंपिकच्या निमित्तानें बर्लिन येथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. पण तें प्रदर्शन होतें, सामना नव्हे. प्रदर्शनांतील टाळ्यांनीं अभिमान वाटतो, आपलें बळ किती हें मात्र कळत नाहीं. तें कळलें १९५२ सालीं, हेलसिंकी येथें, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें तेव्हां. त्यांच्या प्रवासासाठीं गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवलें. आम्हां अध्यापकवर्गास हें उदाहरण अभिमानाचें आहे, तितकेंच अवघडहि आहे. पुण्यांत जी दृष्टि एका धनिकापाशीं होती, ती येथें एका शिक्षकापाशीं आणि खेडुतांपाशीं आली. आणि बत्तीस वर्षांपूर्वी हुकलेली पायरी गांठली गेली.

आज आमच्या जिल्ह्यांत पहाटे रस्त्यावर आलें तर पोलीस वा सैन्यांतील भरतीच्या आशेनें धावणारे तरुण दिसतात. शेतकऱ्यांचींच तीं मुलें. त्यांच्याजवळून आम्ही फिरावयास जातों, त्यांच्या चिकाटीचें कौतुक करितों, आणि पुढें जातों. त्यांच्यांतील एखाद्याची वेळ कोणी मोजली आहे काय, मोजून ती कशाच्या तरी शेजारीं ठेवली आहे काय, हा प्रश्न आमच्या मनास शिवत नाहीं. दूरदेशींचे मोठे सामने संध्याकाळीं घरबसल्या पाहण्याची सोय आतां घरोघर झाली आहे, आणि विजेत्यांचीं नांवें आम्हांस मुखोद्गत असतात. पण अशा प्रेक्षकत्वास खर्च फारसा येत नाहीं, आणि त्याचें फळहि तसेंच असतें. टाळीसाठीं दोन हात पुरतात. परंतु धावणाराचें मोल जाणावयाचें तर एका हातीं घड्याळ धरावें लागतें आणि दुसरा हात खिशांत घालावा लागतो.