मजुरीचा रकाना

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, पोंभुर्ण्यात एका ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा आहे, कंत्राटी. पण टेंडर नवीन निघालं की त्याच माणसाचा पगार कमी होतो म्हणतात. असं कसं होतं?" फोनवर तीन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हा लेख. विषय रुक्ष आहे मंडळी, पण आपल्या जंगलातूनच सुरुवात करतो, म्हणजे सोपा जाईल.

ठेका आणि मजुरी यांचा संबंध आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा कळतो तो तेंदूपत्त्यात. मे महिना, पहाटे अंधारात जंगल, दुपारी अंगणात बसून पानं मोजायची. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाणित गोणी. संध्याकाळी फळीवर दिवाणजीसमोर रांग. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: फळी म्हणजे पानं जमा करायचं केंद्र.) लहानपणी पुडे बांधलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण या व्यवहाराची मांडणी कशी आहे याकडे फारसं कुणी बघत नाही. पूर्वी ठेकेदार म्हणेल तो भाव होता. 1969 साली महाराष्ट्र वनउपज (व्यापार विनियमन) अधिनियम आला आणि तेंदूचा व्यापार सरकारने आपल्या हातात घेतला. त्यानंतर एका गोणीमागे दोन आकडे झाले. एक तोडणाऱ्याच्या मजुरीचा, तो सरकार सल्लागार समितीला विचारून ठरवणार. दुसरा स्वामित्व शुल्काचा, त्यावर ठेकेदारांनी बोली लावायची. म्हणजे ठेकेदार एकमेकांशी झुंजणार ते दुसऱ्या आकड्यावर. पहिला आकडा सगळ्यांना सारखाच. मजुरी कापून कुणाला युनिट जिंकता येत नाही!

हे रामराज्य होतं असं नाही. सरकारी दर तुटपुंजा असायचा. पुडा लहान आहे, पान डागी आहे, म्हणून दिवाणजी पुडे बाजूला काढायचा. 1980 नंतर गडचिरोलीकडे नक्षलवादी आले आणि त्यांनी पहिल्यांदा जे प्रश्न धरले त्यात तेंदूचा दर होता. दर वाढले, हेही खरं. त्यापायी पुढे गावांनी काय काय भोगलं तो वेगळा विषय, आज नको. मला सांगायचंय ते एवढंच की दर कमी होता तरी तो बोलीच्या बाहेर होता.

आता ऑफिसातल्या टेंडरकडे या. सफाई, पहारा, डाटा एंट्री, रुग्णालयातले वॉर्डबॉय. इथे सरकार विकत घेतं तेच मुळी माणसाचं काम. खर्चाचा बहुतेक भाग पगारच. आणि नियम काय, तर सगळ्यात कमी दराची निविदा मंजूर. मग कमी करायचं कुठून? झाडू आणि फिनाईलमधून किती वाचणार? किमान वेतन कायदा 1948 पासून होता, त्यामुळे कागदावर त्याखाली जाता येत नव्हतं. पण पळवाटा आहेत. कुशल कामगाराला अर्धकुशल दाखवायचं. दहा वर्षांच्या अनुभवाला नव्या ठेक्यात शून्य किंमत द्यायची. भविष्यनिर्वाह निधी भरायचाच नाही. किंवा खात्यात पूर्ण पगार टाकून त्यातले थोडे रोख परत मागायचे. भावाच्या प्रश्नाचं उत्तर हे. माणूस तोच, खुर्ची तीच, पण ठेका बदलला की तो पुन्हा तळाशी.

अमेरिकेत या प्रकाराला चक्क नाव आहे, 'वेज बस्टिंग'. तिथे 1965 च्या सेवा कंत्राट कायद्याने सफाई कामगार, पहारेकरी अशांना संरक्षण दिलं, पण इंजिनिअर वगैरे मंडळी त्यातून सुटली. मग ठेका बदलला की तेच इंजिनिअर कमी पगारावर राबवले जाऊ लागले. 1978 साली तिथल्या सरकारी खरेदी धोरण कार्यालयाने आदेश काढला, की निविदा भरणाऱ्याने अशा कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांचा पूर्ण आराखडा द्यावा आणि अधिकाऱ्यांनी तो तपासावा. अवास्तव कमी पगार हा निविदेचा दोष धरावा. हा आराखडा नीट तपासला की नाही यावर हरलेल्या कंपन्या आजही तक्रारी घेऊन जातात. गंमत म्हणजे तक्रार करते ती कंपनी. ज्याचा पगार कापला जाणार तो माणूस त्यात कुठेच नसतो.

आपल्याकडे उलट टोक गाठलं गेलं. मजुरी कायद्याने ठरलेली, म्हणून ठेकेदार 'सेवा शुल्क शून्य' असं लिहू लागले. नफा नको असलेला ठेकेदार कुणी पाहिलाय का? तो नफा कुठून काढणार हे टेंडर उघडणाऱ्याला कळत नसेल यावर माझा तरी विश्वास नाही. शेवटी 28 जानेवारी 2014 ला केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने सांगितलं, शून्य दराची निविदा विचारात घेऊ नका. तर लोक एक पैसा लिहू लागले! पुढे सरकारी ई-बाजारात, म्हणजे 'जेम'वर, मनुष्यबळाच्या ठेक्यासाठी किमान 3.85 टक्के सेवा शुल्क आलं. मग सगळ्यांनीच 3.85 लिहिलं आणि निवड संगणकाच्या सोडतीवर गेली. पगार नीट देणारा आणि बुडवणारा, दोघांची चिठ्ठी एकाच डब्यात.

याचं टोक चंद्रपूरने पाहिलंय. फेब्रुवारी 2021 मध्ये, कोरोना चालू असताना, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या कंत्राटी कामगारांनी थकलेल्या पगारासाठी आणि किमान वेतनासाठी डेरा आंदोलन मांडलं. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम 21(4) होतं: ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यावा. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या संहिता लागू झाल्या, त्यांतही हे तत्त्व आहे. म्हणजे कायद्याने जबाबदारी शेवटी सरकारच्याच दारात येते, तरी माणसांना रस्त्यावर मंडप टाकून बसावं लागतं. 2023 मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर पोरं चिडली, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. त्या वादात आरक्षणाची चर्चा भरपूर झाली, एजन्सी निवडताना पगाराचा रकाना कसा तपासला हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव या सगळ्यापेक्षा शहाणं वाटतं मला. 2012 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने तेंदू तोडणं स्वतःहून बंद केलं (तंबाखूला हातभार नको, आणि पानांपायी जंगलाची नासाडीही नको) आणि बांबू विकायला काढला. मजुरी गावच ठरवतं, व्यापाऱ्याने सांगायचा तो फक्त बांबूचा भाव.